जहाज कोणाचे?

भोपाळच्या मोठ्या तलावावर तरंगणारी होडी कोणाची, हे काठावरचा कोणीही माणूस सांगू शकेल. जमिनीवरची मालमत्ता तर त्याहूनही निश्चित. शेताला बांध असतो, घराला उंबरठा असतो, दोहोंना शेजारी असतात आणि प्रसंग पडल्यास गावचा कुलकर्णी दप्तर सोडून साक्ष देत असे. समुद्रावर यांपैकी काहीच नसते. किनारा दृष्टीआड झाला की जहाजाची ओळख दोनच गोष्टींवर उरते : डोलकाठीवरचे निशाण आणि नाखुदाच्या पेटीतील कागद. निशाण घटकेत बदलता येते. आणि द्रव्य खर्चण्याची तयारी असेल तर कागदही हवा तसा मिळतो. म्हणूनच युद्धाच्या काळात भर समुद्रात एखादे व्यापारी जहाज अडविले गेले, म्हणजे तलवारीपेक्षाही बिकट असा प्रश्न उभा राही. हे जहाज शत्रूचे, मित्राचे, की ज्याला भांडणाशी काहीच कर्तव्य नाही अशा तिसऱ्याचे? आणि ते ठरवायचे कोणी?

अरबी समुद्रावरील व्यापाराची रीत अशी होती की, या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे खुद्द जहाजाच्या मालकालाही कठीण जावे. जहाज सुरतेच्या गोदीत बांधलेले, मालकी एका वाण्याची किंवा बोहऱ्याची, भाड्याने घेणारे आर्मेनियन, कप्तान टोपीकर, खलाशी कोकणातले, पोटातला माल निरनिराळ्या धर्मांच्या पाचसहा व्यापाऱ्यांचा, आणि त्या मालावर कर्ज देणारा सावकार आणखी निराळाच. शांततेच्या काळात ही सरमिसळ हीच व्यापाराची ताकद असे. युद्ध सुरू झाले की तीच त्याच्या गळ्याशी येई. कारण अडविणाऱ्याला त्या सहा मालकांपैकी एक जरी शत्रुपक्षाचा सापडला, तरी सगळे जहाज ओढून नेण्यास निमित्त मिळे.

समुद्रावर कागद मागण्याची प्रथा आपल्या किनाऱ्यावर रूढ केली ती पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. जहाजाचे नाव, त्याचे आकारमान, नाखुदा कोण, तोफा किती, कोठून कोठे जाणार, हे सारे त्यात लिहिलेले असे. अमुक माल नेणार नाही, अमुक शत्रूंना जहाजावर घेणार नाही आणि पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरीन, अशी हमीही त्यात असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी किंमत होती ती त्यामागच्या कबुलीची. ज्याने कार्ताझ घेतला त्याने समुद्र पोर्तुगालच्या राजाचा आहे असे मान्य केले, आणि ज्याने घेतला नाही त्याचे जहाज लुटण्यास मोकळे झाले. मोगल बादशाहीची जहाजेही हा कागद घेऊनच मक्केच्या वाटेला लागत.

पण कागद जवळ असला म्हणजे संरक्षण मिळतेच असे नाही. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या मातोश्री मरियम-उज्-जमानी यांचे 'रहीमी' हे अवाढव्य जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ धरले. जहाजावर शेकडो यात्रेकरू होते आणि रीतसर कार्ताझही होता. मालकीबद्दल शंका नव्हती, तटस्थतेबद्दल नव्हती. राग होता तो मोगलांनी इंग्रजांना सुरतेत थारा दिला याचा. जहांगिराने उत्तर दिले ते जमिनीवर. दमणला वेढा पडला, आग्र्यातील जेझुइट पाद्र्यांचे देऊळ बंद झाले, आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. बादशहाला समुद्रावर न्याय मागण्याची सोय नव्हती. कारण वादी, शिपाई आणि न्यायाधीश तेथे एकच होता.

या कागदांनी एकाचा जीवही घेतला, आणि तो गेलेला मनुष्य इंग्रज होता. विल्यम किड हा कप्तान फ्रेंच जहाजे व चाचे यांना पकडण्याची राजाची सनद घेऊन १६९६ मध्ये निघाला. पुढल्या वर्षी तो कारवारच्या बंदरात डोकावून गेला, आणि जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबार किनाऱ्यावर 'क्वेदा मर्चंट' हे जहाज धरले. धरताना त्याने स्वतःच्या डोलकाठीवर फ्रेंच निशाण चढविले होते. समोरच्या जहाजाने ते पाहून त्या काळच्या शहाणपणाप्रमाणे आपल्याजवळचा फ्रेंच परवाना पुढे केला. किडला हवे होते ते मिळाले. परवाना फ्रेंच, म्हणजे जहाज शत्रूचे आणि सनदेनुसार लूट कायदेशीर! परंतु जहाज सुरतेचे, भाडेकरू आर्मेनियन, कप्तान इंग्रज आणि मालाचा काही भाग मोगल दरबारातील एका बड्या सरदाराचा होता. सुरतेत आकांत झाला, कंपनीच्या वखारीवर बादशाही अधिकाऱ्यांचा रोष ओढवला. तीनच वर्षांपूर्वी, १६९५ मध्ये, एव्हरी नावाच्या चाच्याने औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' लुटले तेव्हा सुरतेतील इंग्रज व्यापारी कैदेत पडलेच होते. टोपी घालणारे सारे एकच, असा मोगल अधिकाऱ्यांचा हिशेब होता. आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असेही नाही.

लंडनमध्ये १७०१ साली खटला उभा राहिला, तेव्हा किडचा सारा बचाव त्या फ्रेंच परवान्यांवर होता. परवाने आपण अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले, असे तो सांगत राहिला. न्यायालयासमोर ते आलेच नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याला फाशी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सरकारी दप्तरात ते परवाने सापडले. त्यांच्यामुळे किड निर्दोष ठरला असता असे म्हणवत नाही, कारण त्याच्यावर खुनाचाही आरोप शाबीत झाला होता. पण कागद कोणाच्या हाती आहे यावर समुद्रावरचे सत्य कसे अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मराठ्यांचा या वादातील प्रवेश याच सुमाराचा. वास्तविक त्याची नांदी शिवाजी महाराजांच्या वेळीच झाली होती. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या प्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला. इंग्रजांची जहाजे तुफानात सापडून महाराजांच्या किनाऱ्याला लागली तर त्यांवरील माल मूळ मालकांस परत मिळावा, असे त्यांत एक कलम होते. इतर मागण्यांना सहज रुकार मिळाला, परंतु या कलमाला प्रथम नकार आला. किनाऱ्यास लागलेले तारू राजाचे, हा कोकणचा पुरातन कायदा आहे. इंग्रजांना सूट दिली तर फ्रेंच, डच आणि इतरही तीच मागतील, असे कारण देण्यात आले. किनाऱ्यावर लागलेल्या जहाजाचा मालक कोण, हे ठरविण्याचा अधिकार किनाऱ्याच्या धन्याचा, असा या उत्तराचा अर्थ होता.

पुढे १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी जे 'आज्ञापत्र' लिहिले, त्यातील आरमाराचे प्रकरण या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगे आहे. मराठी आरमार म्हणजे लुटारूंची टोळी, असे ज्यांनी लिहून ठेवले त्यांनी ते वाचले नव्हते हे उघड आहे. अमात्य जहाजांचे प्रकार पाडतात. कौल घेतलेल्या सावकारांच्या तारवांना येताजाता कोणी अडथळा करू नये. दूरदेशीचा सावकार कौलाशिवाय आला असेल, तर त्याच्याशी दगा न करता, त्याला दिलासा देऊन बंदरात आणावे, लाकूडपाण्याची सोय करावी आणि राजीखुशीने व्यापार करू द्यावा. शत्रूच्या मुलखातील व्यापारी तारू मात्र जाऊ देऊ नये. पण ते ताब्यात घेतल्यावर त्यावरील जिनसांना कोणी हात लावू नये. ते जसेच्या तसे बंदरात आणून हुजूर लिहावे आणि हुजुरातून आज्ञा येईल त्याप्रमाणे करावे. धरणाऱ्याने निकाल द्यायचा नाही, माल फोडायचा नाही, आणि निर्णय राजसत्तेचा. युरोपातील दर्यावर्दी राष्ट्रांचा कायदा नेमका याच पायावर उभा होता. किनाऱ्यावरील प्रत्येक सुभेदाराने हा नियम अक्षरशः पाळला असेल असे मानण्याचा भाबडेपणा करण्याचे कारण नाही. तो त्या काळी लंडनमध्येही पाळला जात नव्हता.

कान्होजी आंग्रे यांचे इंग्रजांशी जे भांडण जुंपले ते या नियमाच्या अर्थावरून. सरखेल झाल्यावर त्यांनी आपले दस्तक सुरू केले. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे जे केले तेच, फरक एवढाच की किनारा मागणाऱ्याचा स्वतःचा होता. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र नौका धरली. पुढल्याच वर्षी उभयतांत तह होऊन कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले. तहाची शाई वाळते न वाळते तोच प्रश्न निघाला, इंग्रजांचे जहाज म्हणजे कोणते?

कंपनीचे जहाज इंग्रजांचे, याविषयी वाद नव्हता. परंतु मुंबईत राहणाऱ्या हिंदी व्यापाऱ्याचे तारू, ज्यावर कंपनीचा पास आणि निशाण आहे? किंवा इंग्रजांच्या जहाजात भरलेला सुरतेच्या दलालाचा माल? किंवा उलट, हिंदी तारवात भरलेला इंग्रजांचा माल? मुंबईच्या कौन्सिलचे म्हणणे असे की, आमचे निशाण जेथे तेथे आमचे संरक्षण. कान्होजींचे म्हणणे असे की, तह इंग्रजांशी झाला आहे; या देशातील व्यापाऱ्यांनी जकात चुकविण्यासाठी इंग्रजी फडके विकत घ्यावे आणि ते मुकाट्याने पाहावे, असे त्यात लिहिलेले नाही. त्यांनी इंग्रजी निशाणाची, पण हिंदी मालकीची तारवे धरली. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. चार्ल्स बून हा गव्हर्नर १७१५ च्या अखेरीस आला, त्याने १७१७ पासून विजयदुर्ग, खांदेरी आणि शेवटी १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साह्याने कुलाबा, अशा मोहिमांवर मोहिमा काढल्या. एकही यशस्वी झाली नाही.

पुढचा गव्हर्नर फिप्स याने १७२४ मध्ये कान्होजींना उपदेशाचे पत्र पाठविले. लुटीवर राज्य टिकत नाही, असा त्याचा सूर होता. उत्तरात कान्होजींनी त्याला शांतपणे ऐकविले की, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, ही जगाची रीतच आहे. आणि शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून हे राज्य उभे केले. ते टिकाऊ ठरले की नाही, हे गव्हर्नरसाहेबांना ठाऊक आहेच. या पत्रव्यवहारातील खोच पुष्कळांनी वाखाणली आहे, पण तिच्याखालचा कायद्याचा मुद्दा सहसा सांगितला जात नाही. निशाणाने मालकी सिद्ध होत नाही. मालकी पाहावयाची तर माणूस कोणाच्या राज्याचा रहिवासी, हे पाहिले पाहिजे, असा तो मुद्दा होता. युरोपातील कायदेपंडित त्याच वेळी त्यावर शाई खर्च करीत होते.

त्या पंडितांनी घडविलेली पद्धत थोडक्यात अशी. युद्धमान राष्ट्राच्या लढाऊ जहाजाला कोणतेही व्यापारी जहाज थांबवून तपासण्याचा हक्क. संशय आला तर ते आपल्या बंदरात न्यावयाचे आणि 'प्राइझ कोर्टा'समोर उभे करावयाचे. पुरावा प्रथम जहाजातूनच घ्यायचा : खरेदीखत, भाडेपत्र, मालाच्या पावत्या, खलाशांची यादी, रोजनिशी. कप्तान आणि खलाशी यांना शपथेवर ठराविक प्रश्न विचारीत. तुमचा जन्म कोठला, राहता कोठे, मालक कोण हे तुम्ही कशावरून सांगता, समुद्रात कागद फेकले किंवा जाळले काय? त्यातून संशय फिटला नाही तरच बाहेरचा पुरावा. सगळ्यांत जाचक गोष्ट म्हणजे शाबितीचा भार धरणाऱ्यावर नसे. आपले जहाज आपले आहे आणि आपण तटस्थ आहोत, हे मालकानेच सिद्ध करायचे. हजारो कोसांवरच्या बंदरात, परक्या भाषेत आणि माल कुजत असताना हे काम पार पाडायचे असे. कागद जास्त नीटनेटके असले तर तेही संशयास्पद वाटे.

या न्यायालयांतील सर्वांत मोठा न्यायाधीश म्हणजे सर विल्यम स्कॉट, पुढे लॉर्ड स्टोवेल. १८०१ मध्ये त्याच्यासमोर 'इंडियन चीफ' नावाच्या जहाजाचा खटला आला. त्यातील माल मिलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा होता. तो कलकत्त्यास राहून व्यापार करी आणि तेथला अमेरिकेचा वकीलही होता. अमेरिका तटस्थ, म्हणून आपला माल सोडावा, असे त्याचे म्हणणे. स्टोवेलने ते नाकारले. पूर्वेकडील देशांत परकी व्यापारी स्थानिक समाजात कधी मिसळून जात नाहीत. ज्या वखारीच्या छायेखाली ते व्यापार करतात तिचेच राष्ट्रीयत्व त्यांना लागते, असा त्याचा निर्णय. मोगल बादशहाचे सार्वभौमत्व? ते केवळ सावलीपुरते उरले आहे, असेही तो जाता जाता म्हणाला. मिलर इंग्रज ठरला, आणि इंग्रज ठरल्यामुळे शत्रूच्या बटाव्हिया बंदराशी केलेला त्याचा व्यापार बेकायदा होऊन माल जप्त झाला. मुंबईच्या कौन्सिलने कान्होजींना ऐकविलेला युक्तिवाद ऐंशी वर्षांनी कायदा होऊन बसला होता.

याच काळात माळव्याच्या मातीतील पिकाचाही या समुद्रावरील लढायांशी संबंध जडत होता. भोपाळ, उज्जैन, इंदूर या टापूतील अफू आणि देशातील कापूस चीनकडे पाठवून मुंबईची पेढीदार घराणी वर येत होती. त्यांपैकी जमशेटजी जीजीभाई हे १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' जहाजावरून चीनला निघाले असता फ्रेंचांनी सिंहलद्वीपाजवळ ते जहाज पकडले. जहाज इंग्रजांचे, शाबितीचा प्रश्नच नव्हता. जमशेटजींना केप ऑफ गुड होपपर्यंत नेण्यात आले. सर्वस्व गमावल्यावर ते परतले ते एका डॅनिश जहाजाने. डेन्मार्क तेव्हा तटस्थ होता, एवढ्यावरच त्यांचा परतीचा मार्ग खुला राहिला.

मुंबईस १७९८ पासून रेकॉर्डरचे न्यायालय होते. १८०७ मध्ये त्या न्यायासनावर सर जेम्स मॅकिंटॉश बसला असताना 'मिनर्व्हा' या अमेरिकन जहाजाचे प्रकरण त्याच्यापुढे आले. तटस्थांच्या व्यापाराविषयी राजाने लढाऊ जहाजांना हुकूम दिलेले होते. त्यांचे बंधन न्यायाधीशावर किती? मॅकिंटॉशची भूमिका अशी की, प्राइझ कोर्ट हे एका राजाचे नव्हे, राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्याचे न्यायालय आहे. राजाचा हुकूम त्या कायद्याच्या विरुद्ध जात असेल तर न्यायाधीशाने कायदा मानावा. वसाहतीतल्या एका न्यायाधीशाने, युद्ध ऐन भरात असताना, हे म्हणावे यास धैर्य लागते. १९१६ मध्ये 'झमोरा' या स्वीडिश जहाजाच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व अंतिम म्हणून मान्य केले. ज्या मुंबईतून बूनच्या मोहिमा निघाल्या, त्याच मुंबईत धरणाऱ्याने न्याय करू नये हा विचार शंभर वर्षांच्या आत इतक्या स्पष्टपणे बोलला गेला. त्याची आठवण मुंबईच्या इतिहासकारांनी याहून अधिक ठेवावयास हरकत नव्हती.

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने खासगी लुटारू जहाजांना सनदा देण्याची चाल बंद केली आणि तटस्थाच्या निशाणाखाली असलेला शत्रूचा मालही, युद्धसाहित्य सोडून, सुरक्षित ठरविला. पुढे १९०७ च्या हेग करारात रुग्णवाहक जहाजांसाठी निराळी तजवीज झाली. त्यांची नावे शत्रूला आधी कळवावयाची. अंग पांढरे रंगवून सरकारी जहाजावर हिरवा आणि खासगी जहाजावर तांबडा पट्टा ओढावयाचा. शत्रूने तपासणी मागितल्यास नाही म्हणावयाचे नाही.

या तरतुदीमुळेच समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळ संस्थानाचा या कथेत प्रवेश होतो. भोपाळच्या राजघराण्याला समुद्रप्रवास अपरिचित नव्हता. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईहून जहाजाने मक्केस जाऊन आल्या होत्या. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा सुलतान जहाँ बेगम गादीवर होत्या. ग्वाल्हेर, भोपाळ आदी संस्थानांनी मिळून हिंदी सैनिकांसाठी एक रुग्णवाहक जहाज देण्याचे ठरविले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज माधवराव शिंदे यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात खरेदी केले आणि त्याचे नाव 'लॉयल्टी' ठेवले. मालक मराठा राजा, वर्गणीदार संस्थानिक, रुग्ण हिंदुस्थानच्या नाना प्रांतांचे, आणि निशाण ब्रिटिश.

युद्ध संपल्यावर हे जहाज मुंबईत विक्रीस निघाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनी ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा आरंभ झाला. रुग्णवाहक जहाजाचे कागद गेले, व्यापारी जहाजाचे कागद आले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा तिची मालकी हिंदी भागीदारांची होती. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. तिच्या डोलकाठीवर मात्र तेव्हाही इंग्रजांचेच निशाण होते.